फोटो रेफरन्स आणि चित्रांच्या टेक्निकचे प्रयोग: सारखे विचारले जाणारे प्रश्न

मी पुण्यात इलस्ट्रेशनचं काम करते. मुलांची पुस्तकं, दिवाळी अंक, कधी कुणाला पाडायला काढलेल्या वाड्याचं चित्र हवं असतं. शनिवार-रविवारी काही जण माझ्यासोबत चित्रं काढायला बसतात, त्यात कॉलेजची पोरं आहेत, रिटायर झालेले काका-काकू आहेत, आयटीवाले आहेत, आणि प्रश्न साधारण सगळ्यांचे तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवतेय. क्रमाने वाचायची गरज नाही, हवा तो प्रश्न गाठा.

फोटो बघून चित्र काढणं म्हणजे चीटिंग ना?

नाही. हे डोक्यातून काढूनच टाका, कारण या एका भीतीपायी कितीतरी जण पेन्सिलच हातात धरत नाहीत. कॅमेरा आल्यापासून चित्रकार फोटो वापरतायत. राजा रविवर्मा फोटोंचा आधार घ्यायचे (त्यांचा ओलिओग्राफचा, म्हणजे तैलचित्रांसारख्या रंगीत छापील चित्रांचा, छापखाना १८९४ ला मुंबईत सुरू झाला आणि पुढे मळवलीला हलला, आपल्या लोणावळा लोकलवरचं मळवली स्टेशन तेच). पॅरिसमध्ये अल्फॉन्स मुखा स्टुडिओत मॉडेल उभे करून स्वतः फोटो काढायचा आणि त्यावरून पोस्टर करायचा. अमेरिकेत नॉर्मन रॉकवेल तर अख्खा प्रसंग माणसं आणि सामान जमवून उभा करायचा, फोटोग्राफरकडून फोटो काढून घ्यायचा आणि मग रंगवायला बसायचा.

आणि काही गोष्टी डोळ्याला दिसतच नाहीत हो. धावणारा घोडा घ्या. १८७८ मध्ये एडवर्ड मायब्रिजने कॅलिफोर्नियात ओळीने कॅमेरे लावून घोड्याच्या दौडीचे फोटो काढले, तोपर्यंत युरोपातले मोठमोठे चित्रकारसुद्धा पुढचे पाय पुढे ताणलेले आणि मागचे मागे ताणलेले असा घोडा रंगवायचे. फोटोत कळलं की चारही पाय जमिनीवरून सुटतात ते पोटाखाली गोळा झालेले असताना. हे नुसत्या नजरेने कुणाला पकडता आलं नव्हतं.

मी सगळ्यांना एकच गोष्ट सांगते. माहिती फोटोकडून घ्या, निर्णय तुमचे तुम्ही घ्या. खांबावरचं नक्षीकाम कसं आहे, बैलाचं शिंग कुठून वळतं, ही माहिती झाली. काय ठेवायचं, काय गाळायचं, अंधार कुठे हवा, बघणाऱ्याची नजर आधी कुठे जायला हवी, हे फोटोला माहीत नसतं. ते ठरवणं म्हणजे इलस्ट्रेशन. खालची जवळजवळ सगळी उत्तरं फिरून याच ठिकाणी येतील.

मग जागेवर जाऊन बसायची गरजच काय, फोटो काढून आणला की झालं?

गरज आहे, आणि भरपूर आहे. जंगली महाराज रोडवरच्या पाताळेश्वर लेण्यात जाऊन बघा. आठव्या शतकातलं, अख्खं एका कातळात खोदलेलं, बाहेर गोल नंदीमंडप. भर दुपारी मंडपाच्या बाहेर उभं राहून फोटो काढलात तर एकतर आकाश पांढरंफट्ट येतं आणि दगड बरा दिसतो, नाहीतर आकाश निळं येतं आणि खांबांच्या मागे निव्वळ काळा डाग. फोनमध्ये एचडीआर चालू असेल तर तो दोन्ही ओढून ताणून सारखं करतो आणि ऊनच निघून जातं. डोळ्याचं तसं नाही, डोळा सावलीत शिरला की मिनिटाभरात तिथलं सगळं बघायला लागतो. त्या 'काळ्या' भागात जमिनीवरून उसळलेला पिवळसर उजेड असतो, खांबाच्या आतल्या बाजूला निळसर छटा असते, दगडाला ओल असते. फोटोवरून रंगवलेल्या चित्रातल्या सावल्या मेलेल्या दिसतात त्याचं बहुतेक वेळा हेच कारण असतं, माणूस प्रामाणिकपणे फोटोतला काळा रंग लावतो.

दुसरं म्हणजे आपल्याला दोन डोळे आहेत आणि कॅमेऱ्याला एक. जवळचं-लांबचं जागेवर आपोआप कळतं, फोटोत सगळं एका पातळीवर चिकटून येतं.

म्हणून माझी पद्धत सांगते: जागेवर आधी स्केच, छोटं, पंधरा-वीस मिनिटांचं, भले अर्धवट राहू दे. त्यावरच शब्दांत नोंदी करायच्या, 'सावली जांभळट', 'छप्पर आकाशापेक्षा गडद', 'इथे डोळा अडकतो' अशा. फोटो सगळ्यात शेवटी. घरी रंगवताना स्केच आणि नोंदी समोर ठेवायच्या आणि फोटो अडलं तरच उघडायचा.

रेफरन्ससाठी फोटो कसा काढायचा?

सुंदर फोटो आणि उपयोगी फोटो या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आपल्याला उपयोगी हवाय. सकाळी आठ-साडेआठच्या आत किंवा संध्याकाळी जा, ऊन तिरपं असतं आणि आकार कळतो, दुपारी बाराला सावल्या पायाखाली जातात आणि सगळं सपाट होतं. पोर्ट्रेट मोड बंद ठेवा, मागचं धूसर झालं की तिथे काय होतं ते घरी आल्यावर कळत नाही. एकाच गोष्टीचे दोन फोटो काढा, एकदा स्क्रीनवर उजेडाच्या भागावर बोट ठेवून आणि एकदा सावलीच्या भागावर. एक लांबून, एक जवळून, एक बाजूने, एखादा अगदी वरून.

नुसत्या वस्तूचा फोटो पुरत नाही, आजूबाजूचं पण घ्या. कसब्यातल्या तांबट आळीत गेलात तर नुसतं घंगाळ टिपू नका. कारागीर कसा बसतो, ज्यावर भांडं टेकवून ठोकतो ती लोखंडी दांडी कशी आहे, हातोडीचं तोंड कसं आहे, ठोक्यांच्या खळग्यांवर उजेड कसा तुटतो, हे सगळं लागतं, आणि हे घरी बसून कल्पनेने नाही येत. आधी विचारायचं मात्र, आणि त्यांच्या कामात मध्ये यायचं नाही.

घरच्यांचे चेहरे फोटोवरून काढले की नाक मोठं आणि कान गायब, असं का होतं?

फोटो फार जवळून काढलेला असतो म्हणून. फोनचा मुख्य कॅमेरा बराच वाइड असतो, साधारण २४ ते २६ एमएमच्या लेन्सइतका, त्यामुळे चेहरा फ्रेममध्ये भरायला आपण हातभर अंतरावर जातो. तिथून नाक कानांपेक्षा प्रमाणात खूपच जवळ पडतं, म्हणून मोठं दिसतं. दोष नाकाचा नाही, तुमच्या हाताचा तर अजिबातच नाही. दीड-दोन मीटर मागे या आणि दोन पट झूम करा, चेहरा लगेच ओळखीचा दिसायला लागेल. सेल्फीवरून पोर्ट्रेट करायचं टाळाच.

वाड्याचं किंवा बिल्डिंगचं चित्र वर निमुळतं होत जातं

फोन वर करून फोटो काढलाय. फोन उभ्या भिंतीला समांतर धरला की उभ्या रेषा उभ्याच राहतात, पण मग वरचा मजला कापला जातो, म्हणून मागे सरकावं लागतं, आणि पेठेतल्या गल्लीत मागे सरकायला जागा कुठे असते! विश्रामबागवाड्यासमोर बाजीराव रोडवर मागे सरकणार म्हणजे बसच्या पुढ्यात. तेव्हा वाकडा तर वाकडा फोटो काढा आणि चित्रात ते सुधारा. कागदाच्या कडेला समांतर उभ्या रेषा आधी आखून घ्या, मजल्यांची उंची फोटोत जेवढी दिसते त्यापेक्षा वर जाताना थोडी वाढवा, सुरूच्या आकाराचे ते लाकडी खांब सरळ उभे करा. मुद्दाम निमुळतं ठेवायचं असेल तर ठेवा की, उंचीचा दरारा दाखवायला ते छान लागतं, फक्त ते तुम्ही ठरवलेलं असू दे.

ट्रेसिंग, ग्रिड, प्रोजेक्टर, यातलं काय चालतं?

सगळं चालतं, कशासाठी करताय त्यावर आहे. कॅमेरा ल्युसिडा नावाचं उपकरण आहे, काचेच्या प्रिझममधून समोरचं दृश्य कागदावर पडल्यासारखं दिसतं आणि त्यावरून रेषा मारता येतात, त्याचं पेटंट विल्यम वोलास्टनने १८०६ मध्ये घेतलं. रॉकवेल प्रोजेक्टर वापरायचाच. डेडलाइन असलेल्या कामात मीही खिडकीच्या काचेवर कागद लावून माझ्याच स्केचचं ट्रेसिंग करते.

शिकताना मात्र एक अट ठेवा, ट्रेस केलेलं चित्र हे शेवटचं चित्र नसावं. एकदा ट्रेस करा, हाताला वळण कळू द्या, मग फोटो आणि ट्रेसिंग दोन्ही उलटं ठेवून तेच परत मोकळ्या हाताने काढा. ट्रेस केलेली रेषा निर्जीव दिसते कारण सगळीकडे एकाच जाडीची असते, गालाची कड आणि शर्टाची कड आणि मागच्या खुर्चीची कड, सगळं सारख्याच जोरात. डोळ्याने बघून काढताना आपण नकळत जवळचं ठसठशीत आणि लांबचं हलकं काढतो.

ग्रिड म्हणजे फोटोवर चौकोन आखायचे आणि तेच कागदावर मोठे आखून चित्र चौकोनाचौकोनाने उतरवायचं. त्याचं गणित सगळ्यांचं अडतं म्हणून सांगून टाकते. ए-फोर प्रिंटवरून ए-थ्री कागदावर जायचं तर प्रत्येक बाजू सुमारे १.४१ पट होते, म्हणजे प्रिंटवर २ सेंमीचे चौकोन असतील तर कागदावर २.८ सेंमीचे. दुप्पट करू नका, ए-थ्रीचं क्षेत्रफळ दुप्पट असतं, बाजू नाही. आणि ग्रिड एचबीने दाबून आखू नका, टू-एचने अगदी हलकं, नाहीतर जलरंगाखालून ते चौकोन दिसत राहतात.

फोटो ब्लॅक अँड व्हाइट करून बघायला सगळे का सांगतात?

कारण चित्र उभं राहतं ते उजेड-अंधारावर, रंग नंतर. गणपतीत मंडईत झेंडू-शेवंतीच्या ढिगांचा फोटो काढा, रंगात तो इतका भारी दिसतो की वाटतं नुसता उतरवला तरी चित्र झालं. तो ब्लॅक अँड व्हाइट केला की लाल फुलं आणि हिरवी पानं बऱ्याचदा एकाच करड्या रंगात मिसळतात आणि अख्खा ढीग सपाट होतो. आता तुम्हाला ठरवावं लागतं, पानं गडद करू की फुलांवर ऊन टाकू.

फिल्टरवर आंधळा विश्वास मात्र नको, वेगवेगळी ॲप्स रंगांचं करडं वेगवेगळं करतात. सगळ्यात चांगला फिल्टर म्हणजे डोळे बारीक करून बघणं, तपशील जातात आणि मोठे आकार उरतात. मग आगपेटीएवढे चार-पाच चौकोन आखा आणि प्रत्येकात फक्त तीन छटांत तेच दृश्य बसवा: पांढरा, मधला करडा, काळा. समजा मंडईचा मनोरा काढताय, तर एकात मनोरा गडद आणि आकाश पांढरं, एकात उलटं. मंडईची ती १८८६ ची इमारत आणि तिचा अष्टकोनी मनोरा मी माझ्या ग्रुपला यासाठीच देते, बाह्याकार इतका ठाम आहे की तीन छटांतसुद्धा ओळखू येतो. दहा मिनिटांचं काम आहे आणि पुढचे चार तास वाचतात.

वेगवेगळी टेक्निक्स करून बघायची आहेत, सुरुवात कुठून करू?

विषय बदलू नका, टेक्निक बदला. लोक उलटं करतात, आज जलरंगात फूल, उद्या शाईत मांजर, परवा कोळशात आजोबा, आणि मग कळतच नाही की चित्र बिघडलं ते विषय अवघड होता म्हणून की शाई जमली नाही म्हणून. एकच साधी वस्तू घ्या, घरातला तांब्या घ्या, तिचा तिरप्या उजेडातला एक फोटो आणि शक्यतो ती वस्तूही समोर ठेवा, आणि त्याच कोनातून तीच परत परत काढा.

आधी पेन्सिल, त्यात रेषा कमीत कमी ठेवून नुसत्या छटांनी आकार काढून बघा. मग शाई. टाक आणि बाटलीतली काळी शाई असेल तर कागद गुळगुळीत लागतो, खरखरीत कार्ट्रिज कागदावर निब अडकतं, तंतू उचलतं आणि रेष फुटते. शाईत करडा रंग नसतोच, तो रेषांच्या जवळ-लांब असण्याने तयार करावा लागतो, म्हणून शाईत तुम्हाला फोटोतली प्रत्येक छटा सोडून चार-पाच छटांवर यावंच लागतं. फोटोच्या गुलामीतून सुटायला शाईसारखं औषध नाही. वर जलरंग द्यायचा असेल तर शाई वॉटरप्रूफ आहे का ते कोपऱ्यात पाण्याचं बोट फिरवून आधी बघा.

जलरंगाला ३०० जीएसएमचा कागद घ्या, पातळ कागद पाणी पडलं की फुगतो आणि खळग्यांत रंग साचतो. पांढरा रंग म्हणजे कोरा कागद, त्यामुळे तांब्यावरची चमक पहिल्यापासून राखून ठेवायची. आणि हे जलरंगाचं पुस्तकात कुठे सापडत नाही ते सांगते, पुण्याची हवा. जुलैत ओल्यावर ओलं काम केलं तर रंग कितीतरी वेळ पसरत राहतो, घाई करून वर दुसरा थर दिला की फुलकोबीसारखे डाग उठतात. तेच एप्रिलमध्ये दुपारी ब्रश पॅलेटपर्यंत नेऊन आणेस्तोवर कागद वाळलेला असतो. तेव्हा टेक्निक जमत नाहीये असं म्हणण्याआधी महिना कुठला आहे ते बघा, उन्हाळ्यात कागद मागूनही ओला करा, पावसाळ्यात थर कमी ठेवा.

मग गवाश, म्हणजे अपारदर्शक जलरंग, किंवा साधे पोस्टर कलर. याने जलरंगाच्या बरोब्बर उलटा विचार करता येतो, गडदावर फिकं लावता येतं. फक्त वाळल्यावर रंग बदलतो, फिक्या छटा साधारण जरा गडद होतात आणि गडद छटा जरा फिक्या, म्हणून मिसळलेला रंग आधी फालतू कागदावर लावून वाळू द्या. फार जाड थर देऊ नका, तडे जातात.

यानंतर खेळ. मेणबत्ती घासून वर पातळ रंग फिरवला की मेण असेल तिथे रंग बसत नाही, जुन्या भिंतीचा पोपडलेला गिलावा दाखवायला हे इतकं छान लागतं की बघत राहावं. ओल्या रंगावर जाडं मीठ टाका आणि पूर्ण वाळल्यावर झटका, चांदण्यांसारखा पोत येतो, पण एका चित्रात एकदाच, सगळीकडे टाकलं की चित्र मिठाचं होतं. शाळेत केलेलं तैलखडूवर काळा रंग देऊन खरवडणं आठवतंय? ते बालिश मुळीच नाहीये, रात्रीच्या दृश्यांना आणि मिरवणुकीच्या दिव्यांना त्याच्याइतकं योग्य काही नाही, कारण तिथे आपण अंधारातून उजेड उकरून काढत असतो. काचेवर रंग फासून त्यावर कागद दाबून घेतलेला ठसाही करून बघा, एकदाच उमटतो आणि कसा उमटेल ते पूर्ण आपल्या हातात नसतं. रंगीत मासिकांचे तुकडे फाडून कोलाज करा, त्यात तपशील करताच येत नाही आणि म्हणून रचना कळते.

प्रत्येकाच्या मागे तारीख, कागद आणि काय वापरलं ते लिहा. मग सगळे तांबे भिंतीला ओळीने लावा आणि लांबून बघा, कुठलं टेक्निक तुमच्या हाताला आवडतंय ते लगेच समजतं, कुणाला विचारावं लागत नाही.

साहित्य कुठलं घेऊ, महागाचं लागतं का?

रंग विद्यार्थ्यांचे चालतील, कागद चांगला घ्या. पैसे कमी असतील तर ब्रशही एकच घ्या, मध्यम जाडीचा गोल, टोक नीट जुळणारा. अप्पा बळवंत चौकाच्या आजूबाजूला सगळं मिळतं, कागद सुटा मागा आणि हातात धरून बघा.

दोन-तीन फोटो जोडून एक चित्र करता येईल का?

करायलाच हवं, एकाच फोटोवरून केलेलं चित्र फार तर त्या फोटोइतकंच होतं. पण दोन गोष्टी जुळल्या पाहिजेत. एक उजेडाची दिशा आणि दुसरी डोळ्याची पातळी.

समजा पालखीचं चित्र करायचंय. माउलींच्या पालखीचा मुक्काम भवानी पेठेत असतो तिथे तुम्ही वारकऱ्यांचे फोटो काढले, ढगाळ हवा, सावल्याच नाहीत, तुम्ही उभे आणि माणसं बसलेली. मग दिवे घाटातले फोटो काढले, तिथे वरच्या वळणावरून खाली बघताय आणि नेमकं ऊन पडलंय. आता हे बसलेले वारकरी घाटात नुसते चिकटवले तर ते तरंगणार. आधी चित्राची क्षितिजरेषा आखा आणि सगळी माणसं तिच्या हिशोबाने लहान-मोठी करा, सपाट जमिनीवर तुमच्या उंचीची उभी माणसं असतील तर त्यांचे डोळे साधारण क्षितिजरेषेवर येतात, कितीही लांब असली तरी. घाटात रस्ता उतरतो म्हणून खालची माणसं रेषेच्या खाली जातात. उजेडाचं सोपं आहे, कागदाच्या कोपऱ्यात एक बाण काढून ठेवा आणि प्रत्येक माणसाला त्याच बाजूने ऊन द्या, फोटो काहीही म्हणू दे.

पिंटरेस्टवरचा किंवा गूगलवर सापडलेला फोटो वापरला तर चालतो का?

घरी सरावाला वापरा, कुणी विचारायला येत नाही, स्वतःच्या अभ्यासासाठी वापरायला कायद्यातही जागा आहे. विकायचं, छापायचं, प्रदर्शनात लावायचं असेल तर गोष्ट वेगळी. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात फोटोवरचा हक्क फोटोग्राफरच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं असतो, आणि फोटोवरून हुबेहूब केलेलं चित्रही त्या हक्काच्या आड येऊ शकतं. खाली 'फोटो सौजन्य' लिहिलं म्हणजे परवानगी मिळाली असं नसतं. कितीतरी जणांचा हा गैरसमज आहे, प्लीज तो काढा.

नावाजलेल्या लोकांनाही हे चुकलेलं नाही. ओबामांचं ते लाल-निळं 'होप' पोस्टर शेपर्ड फेरीने २००८ मध्ये एका वृत्तसंस्थेच्या फोटोवरून केलं होतं, प्रकरण कोर्टात गेलं आणि २०११ मध्ये तडजोड झाली. गायक प्रिन्सच्या फोटोवरून अँडी वॉरहॉलने केलेल्या चित्राच्या खटल्यात अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने २०२३ मध्ये फोटोग्राफर लिन गोल्डस्मिथच्या बाजूने निकाल दिला. तो अमेरिकेचा कायदा, पण यातून घ्यायचं ते आपणही घ्यावं.

इमारती आणि सार्वजनिक जागेत कायमचे बसवलेले पुतळे यांचं चित्र काढायला आपल्या कायद्यात सूट आहे, म्हणजे शनिवारवाड्यासमोर बसून तुम्ही बिनधास्त चित्र काढा आणि विका. पण दुसऱ्याने काढलेला शनिवारवाड्याचा फोटो हा त्या फोटोग्राफरचा, त्याने कुठे उभं राहायचं, कुठल्या वेळी, कुठल्या उजेडात हे ठरवलंय. तिथे जायला तुम्हाला पीएमपीचं तिकीट काढायचंय फक्त, स्वतःचा फोटो काढा ना.

जाणं शक्य नसेल तर विकिमीडिया कॉमन्ससारख्या ठिकाणी फोटोखाली लायसन्स लिहिलेलं असतं ते वाचा. सीसी झिरो म्हणजे मोकळं, बीवाय म्हणजे नाव द्यायचं, एनसी म्हणजे धंद्यासाठी नाही, एनडी म्हणजे बदल करून प्रसिद्ध करायचं नाही. न्यूयॉर्कच्या मेट म्युझियमने २०१७ पासून हक्क संपलेल्या कलाकृतींचे आपले फोटो सीसी झिरोखाली खुले केलेत, जुने कपडे, भांडी, शस्त्रं बघायला खजिना आहे.

मला ऑर्डरवर पोर्ट्रेट करायला सांगितलंय, त्यात काही बघायचं असतं का?

हो, दोन गोष्टी. फोटो कुणी काढलाय ते विचारा. आणि हक्कांचं लेखी ठरवा, कारण वेगळा करार नसेल तर पैसे देऊन करून घेतलेल्या पोर्ट्रेटचा पहिला हक्क आपल्या कायद्याप्रमाणे ते करून घेणाऱ्याकडे जातो. तुम्हाला पुढे त्याचं प्रिंट विकायचं असेल किंवा पोर्टफोलिओत टाकायचं असेल तर आधीच लिहून घ्या. मोठं काम असेल तर वकिलाला दाखवा.

रस्त्यावरच्या माणसांचे फोटो काढले तर चालतं का?

विचारून. 'मावशी, तुमचं चित्र काढायचंय, एक फोटो काढू का?' एवढं म्हटलं की बहुतेक जणी हो म्हणतात, नाही म्हणाल्या तर विषय संपला. लहान मुलांचे आई-वडिलांना विचारल्याशिवाय नाहीच. चित्र झालं की नेऊन दाखवा, एक प्रिंट द्या. भाजी विकायला बसलेलं माणूस म्हणजे आपल्यासाठी फुकटचा विषय नव्हे.

एआयने बनवलेली इमेज रेफरन्स म्हणून घेऊ का?

मी घेत नाही आणि घेऊ नका असंच सांगेन. रेफरन्स आपण बघतो ते खरी माहिती मिळावी म्हणून, आणि तिथे खरं असं काही घडलेलंच नसतं. नऊवारीचा कासोटा कुठून कुठे जातो, पुणेरी पगडीची घडी कशी, हे त्यात दिसायला झकास आणि साफ चूक असू शकतं, आणि आपल्याला आधीच माहीत नसेल तर ते पकडता येत नाही. त्यापेक्षा आजीला किंवा शेजारच्या काकूंना नऊवारी नेसताना फोटो काढू देतील का विचारा. जुन्या वस्तूंसाठी बाजीराव रोडजवळ राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे, दिवे, अडकित्ते, दौती, वाद्यं, एकेका कपाटासमोर तासभर उभं राहता येतं. वही घेऊन जा.

मुलगी इंटरमिजिएट ड्रॉइंगच्या परीक्षेला बसतेय, फोटोवरून सराव करून घेऊ का?

स्थिरचित्राला नको, तिथे खऱ्या वस्तू समोर असतात, म्हणून खऱ्या वस्तूच मांडून द्या, बादली, कांदे, कापड. स्मरणचित्राला मात्र फोटोचा छान उपयोग होतो. बसस्टॉपचा किंवा मंडईचा फोटो दोन मिनिटं बघायचा, बंद करायचा, आठवून काढायचा आणि मग ताडून बघायचं. काय विसरलं ते कळलं की पुढच्या वेळी डोळा तिथेच जातो. हा सराव मोठ्यांनीही करावा असं मला फार मनापासून वाटतं, कारण आठवणीत उरतं तेच बहुतेक चित्रात लागतं.

टॅबवर काढताना फोटोतूनच रंग उचलले तर?

उचलू नका. कॅमेऱ्याने ट्यूबलाइटखाली भिंत हिरवट केलेली असते, सावलीत रस्ता निळा. शेजारी फोटो ठेवून रंग स्वतः मिसळा, आधी चुकेल, डोळा तयार होईल. आणि फोटोची लेयर खाली ठेवून वरून गिरवण्यापेक्षा बाजूच्या विंडोत ठेवा.

सगळं करून बघितलं, माझी अशी स्टाइल कधी येणार?

ती शोधून मिळत नाही, साठत जाते. दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर एकाच काळातले, दोघंही दिवाळी अंकांची मुखपृष्ठं करायचे, दोघांकडेही सुंदर बायका, देव-देवता, तरी लांबूनसुद्धा कुणाचं काय ते कळतं, दलालांची ती वळणदार जिवंत रेषा आणि मुळगावकरांचा तो मऊ गुळगुळीतपणा. जुने अंक कुणाच्या माळ्यावर असतील तर मागून आणा आणि बघा दोघांनी काय काय गाळलंय. तुम्ही एकाच विषयावर वीस चित्रं केलीत आणि प्रत्येकात नकळत तेच गाळलंत, तीच कड ठळक केलीत, तर ती तुमची स्टाइल झालीच.

फोटो हजारो झालेत, सापडतच नाहीत, ठेवायचे कसे?

विषयाने फोल्डर करा, तारखेने नको: हात, दारं-खिडक्या, झाडं, गर्दी, पावसाळी रस्ते, भांडी. स्वतः काढलेले आणि दुसऱ्याचे हे पहिल्यापासून वेगळे ठेवा, दुसऱ्याच्या फोटोच्या नावातच फोटोग्राफर आणि लायसन्स टाका, दोन वर्षांनी ते आठवणार नाही. महिन्यातून एकदा बसून धूसर आणि डबल झालेले उडवा. आणि ज्या फोटोवरून चित्र झालं त्याला एक खूण करा, म्हणजे तोच वारकरी तीन दिवाळी अंकांत दिसणार नाही.